गजाभाऊंची मान कधी वळली?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी बोईसरच्या घरात सगळ्या फरशीवर मुंगसं पसरून बसले होते. खरी नव्हेत हो... कागदावरची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी एका पॅकेजिंग कंपनीत लेबलं डिझाइन करते आणि उरलेल्या वेळात गजाभाऊ नावाचं एक मुंगूस काढते. गजाभाऊंची चिकूची वाडी आहे, ते लुंगी नेसतात, बाजारात घासाघीस करतात आणि कोणी न विचारता सल्ले देतात.

पालघरच्या एका चित्रकलेच्या क्लासने मुलांशी गप्पा मारायला बोलावलं होतं. विषय होता, पात्र कसं बदलत जातं. म्हणून अगदी पहिल्यापासूनची चित्रं काढून ओळीने मांडली.

पहिले गजाभाऊ बघून हसूच आलं. सरळसरळ रानातलं मुंगूस, वरून शर्ट. पंजाने चहाचा कप धरायचा कसा, याचा विचारच केलेला नाही. मग मी बोटं दिली. पाच दिली तर केसाळ माणसाचा हात वाटून भीती वाटायला लागली... चारवर आले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

शेपटीने तर फार छळलं. पॅंट घातली तर शेपूट जाणार कुठे? खुर्चीवर बसणार कसे? लुंगी आली ती या अडचणीतून. तोंडही हळूहळू आखूड होत गेलं, कारण लांब नाकाच्या प्राण्याला हसवता येतं, पण ओशाळं करता येत नाही.

हे सगळे बदल मी ठरवून केलेले. का केले तेही सांगू शकते. पण एक गोष्ट काही केल्या आठवेना... मध्येच कधीतरी गजाभाऊंची मान डावीकडे वळली होती. कोणी बोलत असलं की उजवा कान पुढे आणि भुवया किंचित वर. त्यानंतर प्रत्येक चित्रात तसंच. हे मी कधी ठरवलं? आणि का?

जुनी-नवी चित्रं शेजारी-शेजारी लावून इथेच पोस्ट टाकली होती, काहींना आठवत असेल. काय काय उत्तरं दिलीत तुम्ही! सापाचा कानोसा घेतोय... शेजारणीचं बोलणं ऐकतोय... एकाने तर स्पॉन्डिलायटिस म्हटलं.

त्याच संध्याकाळी, ती पोस्ट बघून वहिनीचा फोन आला. माझा मोठा भाऊ आणि वहिनी चिंचणीला राहतात. एरवी ती आधी घरभराची चौकशी करते. त्या दिवशी थेट म्हणाली, "स्वाती, तो गजाभाऊ नाय गं. तो तुजा दादा हाय."

मी हसले. ती हसली नाही.

गेली काही वर्षं त्या दोघांचं फारसं बरं नव्हतं. भांडण वगैरे नाही, पण दादा उत्तरच द्यायचा नाही. ती बोलायची, हा समोरच्या माडांकडे बघत बसायचा. आपण आता याला नकोशा झालोय, असं वहिनीने मनाशी धरलं होतं. एकदा मला म्हणालीही होती, "भिंतीशी बोलले तर निदान आवाज परत तरी येतो."

फोन ठेवून तिने काय करावं? झोपाळ्यावर ती कायम दादाच्या डाव्या हाताला बसते. तिथूनच हळू आवाजात विचारलं, चहा ठेवू? उत्तर नाही. मग उठून उजवीकडे गेली आणि तेवढ्याच आवाजात पुन्हा विचारलं. दादा म्हणाला, "ठेव की."

मला परत फोन केला तेव्हा ती रडत होती. "लग्न होऊन आले तवापासून मी डावीकडंच बसते गं..."

बोईसरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. लहानपणी दादाचा डावा कान फुटायचा. आम्हाला वाटायचं, बरा झाला. तो कान जवळजवळ गेला होता आणि दादाला ते कधीचंच माहीत होतं.

"सांगून काय होणार? लोकं बहिऱ्या म्हणून हाका मारतात," एवढंच म्हणाला.

"आणि मी काय समजत होते, ते तुमाला कुठं माहीत होतं?" वहिनी म्हणाली.

दादा गप्प. पण या वेळी त्याने ऐकलं होतं, ते आम्हा दोघींनाही दिसलं.

मला अजून नवल वाटतं. महिन्या-दोन महिन्यांनी मी चिंचणीला जाते, दादासमोर बसून जेवते, गप्पा मारते, परत येते. बहीण म्हणून मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. हाताने मात्र कधीतरी ते उचललं आणि मला न विचारता एका मुंगसाला देऊन टाकलं...

आता दादाच्या कानात मशीन आहे. पहिले काही दिवस फार कटकट केली, भांडी इतकी जोरात वाजतात का म्हणून. वहिनी म्हणते, आता पंचाईत अशी झालीय की पुटपुटलेलंही ऐकू जातं!

परवा त्याला विचारलं, गजाभाऊंची मान सरळ करू का? त्याने चित्र बराच वेळ पाहिलं. म्हणाला, "नको. चांगला ऐकतोय तो. ऐकू दे."

त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमध्येच बसून एक नवं चित्र केलं. इतकी वर्षं गजाभाऊ एकटेच होते. पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी कोणीतरी बसलंय आणि मनापासून काहीतरी सांगतंय.

थँक्यू वहिनी. गजाभाऊंना बायको मिळाली ती तुझ्यामुळे.