पाठकोऱ्या कागदावरचं राज्य

तुमच्या घरी कोणी यायचं बंद झालं, तेव्हा तुम्ही दोष कोणाला दिलात?

मी आधी नोकऱ्यांना दिला. मग सुट्टी खाणाऱ्या मालकांना, रविवारीही वाजणाऱ्या ऑफिसच्या फोनला, पोरांना घरापासून लांब लांब ढकलणाऱ्या भाड्यांना. दोष द्यायची यादी माझ्याकडे तयारच असते, कारण मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. मला अक्षरओळख झाली ती ‘कामगार बंधू-भगिनींनो’पासून.

उरलेली पत्रकं आमच्याकडे रद्दीत जात नसत. बाबा गठ्ठा बांधून माझ्यापुढे ठेवायचे. “घे, पाठकोरे.” त्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, रांगोळ्यांचे ठिपके मांडले आणि कॉलेजात गेल्यावर नकाशे काढायला लागले. नसलेल्या राज्यांचे नकाशे. त्यातल्या नदीला मी तीन रंग द्यायचे. नदीला एकच रंग असतो हे मला चित्रांच्या पुस्तकांतून कळलं होतं, कारखान्यांचं रंगीत सांडपाणी वाहणाऱ्या आमच्या नदीकडे बघून नाही.

नकाशे एका खेळासाठी होते. चौघं टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट चालवतो, नकाशा त्याच्याकडे असतो. बाकीच्यांपैकी कोणी तलवारबाज होतं, कोणी चेटकीण, कोणी चोर. गोष्टीत आपण काय करणार ते प्रत्येकानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमच्यात गोष्ट मी चालवायचे. तलवारबाज विठ्ठलवाडीचा होता, एका गोदामात हिशेबनीस. चेटकीण उल्हासनगरची सिंधी मुलगी. तिच्या घरचं केकच्या सजावटीचं दुकान होतं. चोर हेंद्रेपाड्याचा, आमच्यातला सगळ्यात कमी बोलणारा.

या खेळासाठी परदेशात बोटभर उंचीच्या सुंदर बाहुल्या मिळतात. आम्ही आमच्या घडवल्या. दुकानवाली केकवर लावायच्या पऱ्या आणायची. आम्ही त्यांचे पंख कापायचो, पाईपची गळती बुजवायच्या पुट्टीनं चिलखत चढवायचो आणि नेलपॉलिशनं रंगवायचो. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवणाऱ्यांकडून पितळी बटणं मिळायची. प्रत्येक बाहुलीच्या पायाखाली तसं एक बटण.

“खाली वजन हवं,” दुकानवाली म्हणायची, “नहीं तो पंखा लगाया और आर्मी फ्लॅट!”

अशा एक्केचाळीस बाहुल्या झाल्या. आम्ही त्यांना ‘मंडळी’ म्हणायचो. आई चहा टाकताना विचारायची, “किती कप? मंडळींना धरून की सोडून?”

मग खाणीचा रविवार आला.

माझ्या राज्यात एक खाण होती आणि खाणीत गॉब्लिन राहत. गॉब्लिन म्हणजे बुटके, हिरवे, दात विचकणारे जीव. हा खेळ खेळणारे बहुतेक लोक त्यांना दिसताक्षणी मारतात आणि त्यांच्या पेट्या लुटतात. मला ते कधीच पटलं नव्हतं. विठ्ठलवाडीचा म्हणाला, “मी तलवार काढतो.” त्यानं फासा टाकला. अठरा पडले. अठरा म्हणजे वार बसलाच.

“थांब,” मी म्हटलं. “ते कामगार आहेत.”

“गॉब्लिन आहे गं तो.”

“चौदा तास खाणीत राबतो. त्यानं तुला काही केलंय?”

“आत्ताच दात विचकले ना त्यानं!”

“उपाशी आहे.”

दुकानवालीनं कपाळावर हात मारला. “यार, मैं हफ्ताभर कस्टमर को हां जी, हां जी करती हूं. एक गॉब्लिन तो मारने दे!”

मी दिला नाही. अठरा पडूनही नाही. तेव्हा हेंद्रेपाड्याच्यानं आपला चोर हळूच उचलून खाणीच्या तोंडाशी ठेवला. “मी एकटा आत जातो,” तो म्हणाला. “त्यांना विचारतो, काय पाहिजे तुम्हाला?”

त्या दिवशी कोणी काही खरं विचारलं असेल, तर ते त्यानं. आणि मी काय केलं? “त्यांना काय पाहिजे ते माझ्याकडे आहे,” असं म्हणून मी कागद काढला आणि गॉब्लिनांच्या अकरा मागण्या वाचून दाखवल्या. रात्रपाळीचा भत्ता, खाणीत हवा, मेलेल्यांच्या घरच्यांना काम. उभं राहून वाचल्या. आवाजही चढला होता.

“मग आता आम्ही काय करायचं?” विठ्ठलवाडीच्यानं विचारलं.

“पाठिंब्याची सही.”

हेंद्रेपाड्याच्यानं चोर परत आपल्यापुढे आणून ठेवला. “पुढचा फासा आम्ही टाकायचा,” त्यानं विचारलं, “की तूच टाकतेस?” आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला तो लक्षात राहिला.

त्यानंतरच्या रविवारी ग्रुपवर कारणं आली. मामाकडे पूजा. दुकानात ऑर्डर. नेक्स्ट संडे पक्का. नंतर कारणंही थांबली. शेवटचा मेसेज माझाच आहे: ‘कोणी येतंय का?’ खाली तिघांनी वाचल्याची निळी खूण.

आठ महिने गेले. दर रविवारी चार वाजता मी टेबल पुसायचे, नकाशा पसरायचे. तलवारबाज, चेटकीण आणि चोर शेवटी होते तिथंच उभे होते. धूळ पुसताना मी त्यांच्या कडेकडेनं फडकं फिरवायचे. काही दिवस एकटीनं खेळून पाहिलं. विठ्ठलवाडीचा काय म्हणेल ते मला सांगता यायचं. दुकानवालीचं बोलणं तर मी हुबेहूब करायचे. चोराची पाळी आली की मात्र फासा हातात तसाच राहायचा. तीन वर्षं तो माझ्यासमोर बसला होता, आणि तो काय करेल हे मला माहीतच नव्हतं.

आईनं कप विचारायचे बंद केले. बाबा दारातून डोकावून विचारायचे, “आजही नाहीत का गं?” मी म्हणायचे, “लोकांना विचार नको असतो, बाबा.”

घड्यांवर फाटून नकाशाचे तुकडे व्हायला लागले, तेव्हा मी तो खिडकीच्या काचेला लावला आणि वरून नवीन कागद धरून गिरवायला घेतला. ऊन मागून येत होतं. उत्तरेच्या डोंगरांत मला ठिपक्यांच्या चार सरळ रांगा दिसल्या. असा रस्ता मी कधीच काढला नव्हता. कागद उलटा केला. पत्रकाचा खालचा भाग होता तो. वर छापलं होतं, ‘आपले म्हणणे येथे लिहा व गेटवर परत द्या’, आणि खाली लिहायला ठिपक्यांच्या रेघा. लहानपणापासून हजार वेळा माझ्या हाताखालून गेलेली ओळ. मी फक्त मागची बाजू वापरत आले होते.

बाबांना दाखवली. त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली. मला वाटायचं, तिच्यात त्यांची पत्रकं असतील. होते ते कामगारांनी भरून परत दिलेले तुकडे. तेलाच्या बोटांचे, पेन्सिलीनं लिहिलेले.

“छापलेलं कशाला जपायचं?” ते म्हणाले. “ते मला पाठ होतं.”

एकावर लिहिलं होतं, ‘पत्रक लय लांब आहे. पाळी सुटल्यावर एवढं वाचवत नाय.’

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? पुढचं आखूड केलं.” आणि ते हसले.

गॉब्लिन कामगार आहेत, हे मी आजही म्हणते. त्यात माघार नाही. पण त्या अकरा मागण्यांत एकही गॉब्लिनाची नव्हती आणि एकही त्या तिघांची नव्हती.

मी नकाशा नव्यानं काढला आणि आग्नेयेचा चौथा हिस्सा कोरा सोडला. लिहिते तितकं सोपं नव्हतं ते. हात सारखा तिकडे जायचा. एकदा तर टेकडी काढलीच, मग खोडली. तीन झेरॉक्स काढल्या आणि स्वतः घेऊन निघाले.

दुकानवालीनं काउंटरवरूनच विचारलं, “ये क्या, फिर से डिमांड्स?”

“नाहीत. जागा आहे.”

विठ्ठलवाडीचा घरी नव्हता. त्याच्या आईच्या हातात कागद दिला. ती म्हणाली, “आत तरी ये गं, किती दिवसांनी आलीस.” मी पाणी पिऊन निघाले.

हेंद्रेपाड्याचा बिल्डिंगच्या खाली भेटला. त्यानं कागद उघडला. कोऱ्या भागावर बोट ठेवलं. “इथे काय आहे?”

माझ्याकडे उत्तर होतं. माझ्याकडे नेहमीच असतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली. “बघतो.”

त्याला तीन रविवार झाले. एक कागद परत आलाय. दुकानवालीनं कोऱ्या भागात बाजार काढलाय, आणि खाली लिहिलंय, ‘इथे गॉब्लिन दुकान चालवतात. उधार बंद.’ मला ते बिलकूल आवडलेलं नाही. मी ते तसंच नकाशावर घेतलंय. दोन कागद अजून बाहेर आहेत. टेबल पुसलेलं आहे आणि चोर खाणीच्या तोंडाशी उभा आहे. मीच त्याला परत तिथे ठेवलाय, त्याचा प्रश्न राहिलाय म्हणून.

तुमच्याही घरात एखादा पाठकोरा कागद असेल. बिलाचा, जुन्या पत्रिकेचा, नाहीतर माझ्याकडे आहे तसा युनियनच्या पत्रकाचा. त्यावर तुमच्या डोक्यातल्या राज्याचा नकाशा काढा आणि चौथा हिस्सा सोडा. जो माणूस तुमच्याकडे यायचा बंद झालाय, त्याच्या हातात तो स्वतः जाऊन द्या. ‘इथे काय आहे?’ असं त्यानं विचारलं, तर कृपा करून सांगू नका.