वाडीत कुणी नाही, असं समजून

मंडळी, आज सकाळी आमच्या ह्यांनी अखेर 'हो' म्हटलं! त्यांनीच सांगितलंय, म्हणून इथे बिनधास्त लिहितेय.

मोबाईलवरच्या सट्ट्याने आमच्या घरातलं हसणं बंद पाडलं होतं. सट्टा सोडवायला फोनवर समुपदेशन मिळतं, तेही मोफत, म्हटलं, तर म्हणायचे, "फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार." गोपनीय आहे म्हटलं, तर, "आपल्याकडे शिंकलं तरी बोर्लीच्या बाजारात कळतं."

आज मी हट्टच धरला. घरात सासूबाई, ओटीवर शेजारी, म्हणून फोन घेऊन आम्ही एका नारळाच्या वाडीत गेलो. चिटपाखरू नव्हतं. तिथून फोन लावला. समुपदेशक ताईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची स्वतःची संमती आहे ना?" नेमकी तेव्हाच रेंज तुटायला लागली. शेवटी हे ओरडले, "हो! मला सट्टा सोडायचाय! माझी संमती आहे!"

डोक्यावरून आवाज आला, "दादा, फोन ठेवू नका. मी उतरतो. मला पन बोलायचं हाय."

वाडीत शिरताना आधी वर बघायचं, नारळ काढायला कुणी चढलेलं असतं, हे आम्ही साफ विसरलो! मला वाटलं, आता हे चिडणार. ह्यांनी त्याला हात देऊन उतरवलं आणि फोन सरळ त्याच्या हातात दिला.

त्याचं बोलणं कानावर पडू नये म्हणून आम्ही लांब विहिरीपाशी जाऊन बसलो. आणि हे चक्क हसत होते!

तुमच्याही घरात कुणी अडून बसलंय का? आजच पुन्हा विचारा. फक्त वाडी कुठली आणि झाडावर कोण होतं, ते मला विचारू नका. ते गोपनीय आहे.