आवाज न फाटणारा रेकॉर्डर

"दोन फुटांवरून कुणी जोरात ओरडलं, तर आवाज फाटेल का? आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत कुणी हळू रडत असेल, तर तेही यात येईल का?"

डब्लिनमधल्या वाद्यांच्या दुकानात अलकनंदाबाईंनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा त्यांचा मुलगा अनिमेष हसायलाच लागला.

"आई, मैफलीत रडतं कोण?"

"करुण रस असतो बाबा. तू गप्प बस, दुकानदाराला बोलू दे."

बाई नागपूरच्या कॉलेजात जन्मभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावर एकट्या राहिल्या, स्वतः गाडी चालवली, सोसायटीतल्या प्रत्येकाशी एकदा तरी भांडल्या. लेकाकडे डब्लिनच्या सँडीफोर्ड उपनगरात तीन महिन्यांसाठी आल्या त्या 'मराठी मंडळातल्या मैफली टिपायच्या, घरी ऐकायच्या' म्हणून रेकॉर्डर हवा असं ठरवून आल्या, असं सगळ्यांना वाटत होतं. तसं काही नव्हतं. हे त्यांनी इथं आल्यावर ठरवलं.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात गाडीची किल्ली सापडेना. सकाळची वेळ, ल्वास ट्रामला गर्दी, ऑफिसला उशीर. अनिमेषनं सुनेच्या, तन्वीच्या मानेला धरलं आणि तिचं डोकं स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आपटलं. एकदा नाही. बाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ते सगळं पाहिलं. किल्ली त्याच्याच जॅकेटात निघाली. तो "सॉरी, आई" म्हणाला. आईला. तन्वीला नाही.

संध्याकाळी तन्वीनं कपाळावरचे केस बाजूला न करताच विचारलं, "आई, तुम्ही सांगाल का इथल्या पोलिसांना, गार्डांना? माझ्या एकटीवर कोण विश्वास ठेवणार? मंडळात सगळ्यांचा लाडका आहे तो."

हो म्हणायला किती वेळ लागतो? पण बाई म्हणाल्या, "पुरावा लागतो. पुरावा गोळा करू आपण."

यंत्र बोललं की आईनं बोलायची पाळी यायची नाही, एवढा साधा हिशेब होता तो. स्वतःच्या पोराविरुद्ध उभं राहायचं नाही आणि सुनेला वाचवायचंही, असं दोन्ही एका डबीत बसवायला निघाल्या होत्या बाई.

दुकानदार मात्र भला होता. त्यानं दाखवलेला पहिला रेकॉर्डर आवाज आपोआप सांभाळायचा. मोठा आवाज दाबायचा, बारीक आवाज वर काढायचा. बाईंनी तो झटक्यात परत केला. "ओरडणं आणि कुजबुजणं सारखंच ऐकू येणार असेल तर काय कामाचा?" दुसरा सभागृहातला, विटेएवढा, चार वायरींचा. घरात ठेवला तर आंधळ्यालाही दिसेल. तिसरा तळहाताएवढा, आवाजाची पातळी हातानं लावायची. वर एक कमी आवाजातली प्रतही ठेवायचा, म्हणजे एक फाटली तरी दुसरी शाबूत.

"ग्रँड चॉइस," दुकानदार म्हणाला.

पैसे अनिमेषनं दिले. "वाढदिवसाचं समज," म्हणत आईच्या खांद्यावर हात टाकला. तोच हात. बाईंनी खांदा आक्रसला नाही, एवढंच.

रविवारी दुपारी मंडळाची मैफल झाली. अनिमेष गायला, मग तन्वी गायली. चहाच्या वेळी मुरलीधर नावाचा एक मित्र सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनींनी जिंकलं आज! तुझं काय झालं राव, वरचा सा सापडेना?"

अनिमेष सगळ्यांत मोठ्यानं हसला. गाडीचं दार मात्र त्यानं धाडकन लावलं.

घरी येताच त्यानं रेकॉर्डर मागितला. "ऐकू दे जरा." ओट्याशी उभा राहून त्यानं स्वतःचं गाणं लावलं. यंत्र बाईंनी निवडलेलं, फार प्रामाणिक निघालं. वरचा सा फुटला, तो फुटलेला स्वच्छ ऐकू आला.

"बेकार आहे हा," तो म्हणाला. "माइक वाईट आहे."

"माइक ठीक आहे," तन्वी बोलून गेली.

त्यानं तिचे केस मुठीत धरून तिला ओट्यावर वाकवलं. तिनं आधारासाठी हात टाकला तो उघड्या ड्रॉवरच्या कडेवर, आणि त्यानं मांडीनं ड्रॉवर लोटला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तन्वी किंचाळली. त्यानं पुन्हा लोटला.

"सोड! मारून राहिलास तू तिला? सोड म्हणते ना!" बाईंच्या तोंडून नागपूर बाहेर पडलं. त्यांनी त्याचा शर्ट ओढला. त्यानं कोपरानं त्यांना मागे फेकलं. त्या फ्रिजवर आदळल्या, चष्मा फुटला, ओठातून रक्त आलं. रेकॉर्डर चालूच होता, अनिमेषचं गाणं वाजवत होता. वाजवणारं यंत्र टिपत नसतं. ज्यासाठी आणला, ते होत असताना त्यानं एक अक्षरही घेतलं नाही. मग अनिमेषनं तो उचलून भिंतीवर फोडला.

बाई उठल्या. बाहेर जाऊन त्यांनी शेजाऱ्यांच्या दारावर दोन्ही मुठी आपटल्या.

गार्डा आले तेव्हा अनिमेषनं केस नीट केले होते. तो शांत इंग्रजीत म्हणाला, "बायको घसरली. आई घाबरली, म्हातारी आहे." तन्वी खुर्चीत सुजलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सांगून पाहिलं, पण दात वाजत होते. ती बोलायची थांबली आणि सासूकडे बघत राहिली.

त्यांच्यातली एक पोलीस अधिकारी अलकनंदाबाईंसमोर वाकली. "तुम्ही काय पाहिलंत?"

"आई," अनिमेष मराठीत म्हणाला, अगदी हळू. "माझी नोकरी राहणार नाही. सांग ना, ती घसरली. आई गं."

त्याला लहानपणी ताप यायचा तेव्हा तो अस्साच बोलायचा. बाईंनी ओठावरचं रक्त पदरानं पुसलं, आणि उत्तर इंग्रजीत दिलं, सगळ्यांना कळेल असं.

"माझ्या मुलानं ड्रॉवर लोटून तिचा हात मोडला. दोनदा लोटला. मी इथं, या जागी उभी होते."

"आई!"

"आणि हे पहिलं नाही," बाई म्हणाल्या. "गेल्या महिन्यात त्यानं तिचं डोकं त्या दारावर आपटलं, तेही मी पाहिलं. पाहिलं आणि गप्प राहिले. तेही लिहा."