साडूंची ताडपत्री

ताडपत्रीला आमच्या साडूंइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडणार नाही. राहायला केडगाव, नोकरी सुप्याच्या एका कारखान्यात; पण पावसाळ्यात सुट्टी मिळाली की ते अकोले तालुक्यातल्या डोंगरात जाणार, दोन झाडांमध्ये कापडी झोळी बांधणार, तिच्यावर ताडपत्री ताणणार आणि आत पडून पावसाची वाट पाहणार. नवी ताडपत्री घ्यायची तर दुकानात फरशीवर झोळी अंथरून ते स्वतः आडवे होतात आणि दुकानदाराला ताडपत्री वर धरून उभे करतात. "डोक्याकडं अन् पायाकडं हातभर जास्त पाहिजे," ते झोपल्या झोपल्या त्याला समजावतात, "वारा काय सरळ येत न्हाई." बांधण्याचीही रीत ठरलेली. वाऱ्याकडची बाजू खाली, दोरीवरून ओघळणारे पाणी झोळीत शिरू नये म्हणून दोरीला सुतळीचा लोंबता तुकडा, आणि सगळ्यात आधी ताडपत्री. मी एकदा उत्साहाने झोळी आधी बांधली, तर त्यांनी ती सोडायला लावली. "पाव्हणं, छपराआधी पलंग आणत्यात व्हय?"

या विद्येपुढे मान न तुकवणारी एकच व्यक्ती, त्यांची आई. पाथर्डीकडच्या. उमेदीची सगळी वर्षे श्रीगोंद्याकडे ऊस तोडण्यात गेली. हंगामभर मुक्काम उसाच्या पाचटाच्या कोपीत, वर प्लास्टिकचा कागद. लेकाने डोंगरात चला म्हटले की त्या म्हणायच्या, "सारी हयात कागदाखाली काढली, आता हौस म्हनून झोपू व्हय?"

गेल्या श्रावणात मात्र त्या आल्या. का, ते कुणाला सांगितले नाही. त्या दिवशी साडूंनी एकच गाठ तीनदा मारली. दुपारी पाऊस आला. म्हातारी झोळीत ताठ पडून वर बघत राहिली. मग वारा फिरला, ताडपत्रीची खुंटी उखडली आणि एक कोपरा फडफडू लागला. साडूंनी धावत जाऊन तो कोपरा हातात धरला आणि तसेच उघड्यावर उभे राहिले. दगड बांधू, आत या, असे मी म्हणालो. "सोडला तर आईला ओल लागंल," एवढेच ते बोलले.

तासाभराने पाऊस ओसरला. म्हातारीने हात वर करून ताडपत्री आतून चाचपली. कोरडी होती. "अवकाळी आला की तुला मधी निजवायचो," त्या म्हणाल्या, "अन् आमी दोघं कडंला बसून ऱ्हायचो." बोलता बोलताच त्यांचा डोळा लागला.

साडू ओल्या अंगाने झाडाला टेकून बसले. "आईला दिवसा झोपलेली मी पयल्यांदाच बघतोय," ते हळूच म्हणाले.

ऊन पडले. निघायची वेळ टळून गेली. आम्ही कुणीच गाठ सोडली नाही.