माले ते कोलंबो, आणि शेंगांची टरफलं

माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत आमच्या घरात झाडू मारत नाहीत. मुलगा मालदीवमध्ये मालेला हॉटेलात कामाला लागला आणि बायकोने हा नियम थेट समुद्रापार नेला. तो तिकडे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर निघाला, की इकडे शहापुरात आमचा झाडू कोपऱ्यात.

त्या रविवारी तो हॉटेलच्या कामासाठी मालेहून कोलंबोला निघाला होता. नऊचं विमान. आणि त्याच सकाळी साडेदहाच्या सुमारास त्याच्यासाठी बघितलेल्या मुलीचे आईवडील मुरबाडहून आमचं घर बघायला येणार होते. पोरांची पसंती झालेली. अडायचंच तर आता घरापाशी अडणार होतं.

"किती वेळ लागतो हो विमानाला?" बायकोने विचारलं.

या विषयात मी घरचा जाणकार. मोबाइलवर अंतर बघून ठेवलेलं, पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास. मुलाचं परतीचं तिकीटही माझ्याकडे होतं: कोलंबोहून दहाला निघून मालेला अकराला. "एक तास. दहाला पोचेल, सव्वादहाला तू झाडून मोकळी," असं सांगून मी बाहेरच्या खोलीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो. टरफलं खालीच टाकली. नाहीतरी झाडायचंच होतं.

दहा वाजले. फोन नाही. सव्वादहालाही नाही. पाहुण्यांचा मात्र आला: वाटेतली किन्हवली सोडली.

"मी मारतो पटकन," म्हणत मी उठलो.

"हात लावून बघा झाडूला! पोरगं वर हवेत हाय आणि तुमी..."

मग मीच तोडगा काढला. हाताने वेचलं तर ते काही झाडणं नाय. गाडी दारात थांबली तेव्हा मी पलंगाखाली होतो. पाहुण्यांना माझं पहिलं दर्शन मागच्या बाजूने झालं.

मुलीची आई पाणी पिता पिता टरफलांकडे बघत होती. बायकोचा चेहरा उतरला. शेवटी तिने खरं काय ते सांगून टाकलं.

मुलीच्या आईने पेला खाली ठेवला. "अहो, घरी फोन लावा आधी," ती नवऱ्याला म्हणाली. "आई पण झाडायच्या थांबल्या असतील. पोचलो म्हणावं."

अकरा वाजून गेल्यावर मुलाचा फोन आला. उतरला होता. "बाबा, मालेचं घड्याळ आपल्यापेक्षा आणि कोलंबोपेक्षा अर्धा तास मागं. माझे नऊ म्हणजे तुमचे साडेनऊ. आणि विमान दीड तासाचं. परत येताना घड्याळ अर्धा तास मागं जातं, म्हणून तिकिटावर एकच तास दिसतो." फोन स्पीकरवर होता, मुलीचे वडीलही ऐकत होते. मी शेंगांचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

बायको झाडूकडे गेली आणि थबकली. पाहुण्यांसमोर कसं झाडायचं?

"मारून घ्या, विहीणबाई," मुलीची आई पाय वर घेत म्हणाली. "आमी निघालो की मुरबाड येईपर्यंत परत थांबावं लागंल तुमाला."

बायकोने एकदा माझ्याकडे बघितलं आणि झाडू घेतला. आम्ही सगळे पाय वर घेऊन बसलो.

"मग मुरबाडला किती वेळ धरायचा, व्याही?" मुलीच्या वडिलांनी मला विचारलं.

"पोचलात की फोन करा," मी म्हणालो.