फ्रेझर नदीवर बाबांनी धुतलेलं सोनं

गेली चार वर्षं मी या फोरमवर वाचनमात्र आहे. इथले अनुभव वाचतो, मनातल्या मनात प्रत्येकाला काहीतरी कारण चिकटवतो – झोप नसेल, ताप असेल, सावली असेल – आणि विंडो बंद करतो. टेलिकॉममध्ये आयुष्य गेलंय. सिग्नल नाही म्हणजे नाही, असा माझा स्वभाव. त्यामुळे हे टाइप करताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण अवघडण्याचं खरं कारण भूत-बीत नाही. ते पुढे कळेलच.

सप्टेंबर २००८. मी कॅनडात, ऑटवाजवळ कनाटाला राहतो. माझी बायको दोन्ही मुलांना घेऊन महिन्याभरासाठी पुण्याला माहेरी गेली होती, आणि नागपूरहून आलेले माझे बाबा माझ्याकडे होते. व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांसाठी. मी दिवसभर ऑफिसात, बाबा दिवसभर बेसमेंटच्या पायरीवर नाहीतर बॅकयार्डात. माझा जुना कलीग शिरीष तोवर व्हँकुव्हरला मूव्ह झाला होता. त्याला एक नवं वेड लागलेलं – गोल्ड पॅनिंग. तिकडे फ्रेझर नदीच्या काठी काही पट्टे सरकारने लोकांसाठी मोकळे ठेवलेत. तंबू ठोका, फावडं आणि पॅन घेऊन नदीतली रेती धुवा, मिळेल ते सोनं तुमचं. म्हणजे मिळतं ते मोहरीच्या दाण्याच्या शतांशाएवढं, पण माणसं येतात. शिरीष फोनवर म्हणाला, “काकांना घेऊन ये ना लाँग वीकेंडला. मस्त कँपिंग करू.”

मी नको म्हणायला हवं होतं. कारण शिरीषला माहीत नव्हतं, बाबा काय करायचे ते. कुणालाच माहीत नव्हतं. सासरी, ऑफिसात, इथल्या मंडळात – सगळीकडे मी एकच वाक्य सांगत आलो होतो: “वडिलांचा नागपुरात इतवारीला सराफ्यात व्यवसाय होता.”

व्यवसाय होता, आणि सराफ्यातच होता. फक्त दुकानात नाही, दुकानाबाहेरच्या नालीत. आम्ही झारेकरी. सोनार कानस चालवतो, घासतो, हात धुतो, तेव्हा सोन्याची बारीक धूळ केरात आणि नालीच्या गाळात जाते. तो केर, तो गाळ विकत घ्यायचा, घमेल्यात धुवायचा, त्यातून ती धूळ काढायची. माझे बाबा ते करायचे, आणि आई बाबांच्या बरोबरीने करायची. माझी इंजिनिअरिंगची फी त्या गाळातून आली. हे वाक्य लिहायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली आहेत.

असो. आम्ही गेलो. होप गावाच्या पुढे कॅनियनमध्ये, हायवेवरून खाली एक ग्रॅव्हल रोड उतरतो, तिथे काठावर शिरीषने तंबू टाकला होता. पलीकडच्या काठाला उभा कडा आणि त्यावरून रेल्वे लाईन. दिवसातून कितीतरी वेळा मालगाड्या जायच्या, संपायचंच नाव घ्यायच्या नाहीत, आणि बाबा डबे मोजत बसायचे. उत्तरेला कुठेतरी जंगलाला आग लागली होती, त्याचा धूर दरीत भरला होता. दिवसासुद्धा सूर्य तांब्याच्या पैशासारखा लाल दिसायचा. आमच्याशिवाय तिथे एकच माणूस – जुना ट्रेलर घेऊन आलेला एक गोरा म्हातारा. काठाने वर जाणारी पायवाट जिथे सुरू होते, तिथेच खुर्ची टाकून तो गळ लावून बसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शिरीष गुडघाभर पाण्यात उभे राहून पॅन हलवत होतो. पाणी इतकं गार की बोटं बधिर. दीड तास झाला, हाती काळी वाळू. बाबा मागे दगडावर बसून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“असं नाही न बे,” ते म्हणाले. “पाण्याशी भांडून राहिला तू. आण इकडे.”

त्यांनी पँट वर दुमडली, उकिडवे बसले आणि पॅन हातात घेतला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. हात एरवी चहाचा कप धरताना थरथरायचे, ते थांबले. मनगटाची एक बारीक लय होती, ती मी लहानपणी हजार वेळा पाहिलेली. दगड गेले, रेती गेली, काळी वाळू कडेला सरकली... आणि तिच्या टोकाशी पिवळी रेघ. नखाएवढी. पण रेघ!

शिरीष अक्षरशः ओरडला. “काका! अहो, हे कुठे शिकलात तुम्ही?”

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी तोंड उघडलं. “आमचं तर हेच काम होतं न. मी अन् याची माय, आम्ही –”

“बाबांचं दुकान होतं ना,” मी मध्येच म्हणालो. मोठ्याने. वर पुस्ती जोडली, “ज्वेलरी बिझनेस. कारागीर होते हाताखाली, त्यांचं बघून बघून येतं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या अनोळखी माणसाला वाट द्यावी तसं पाहिलं. मग पॅन हळूच पाण्याच्या कडेला ठेवला, पिवळी रेघ तशीच ठेवून.

“मी जरा फिरून येतो,” म्हणाले, आणि जाताना शिरीषचा दुसरा पॅन उचलून काठाने वर निघून गेले.

मी त्यांना थांबवलं नाही. वाटलं, येतील. शिवाय – आता कबूल करतो – सुटल्यासारखंही वाटलं.

दुपारी जेवायला आले नाहीत. एक वाजला, दोन वाजले. फोनला सिग्नल नाही, धूर वाढत चाललेला. अडीचच्या सुमाराला शिरीषच म्हणाला, “चल, बघून येऊ.” म्हातारा गळ घेऊन जागेवरच होता. त्याने सांगितलं, तुझे डॅड सकाळी वर गेलेत, अजून उतरले नाहीत. मी सकाळपासून इथेच आहे, तो म्हणाला, बाकी कोणी गेलेलं नाही.

पायवाट अरुंद. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खडक. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल इतकी. मी पुढे, शिरीष मागे आठ-दहा पावलांवर. वीसेक मिनिटं चाललो असू.

समोरून एक बाई येत होती.

लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पोटऱ्या ओल्या, कडेवर लोखंडी घमेलं. मला भीती वाटली नाही. थंड वारा, अंगावर काटा, असलं काहीही झालं नाही. मी तिला ओळखलं. लगेच ओळखलं. आणि ओळखलं म्हणूनच... मान वळवली. नदीकडे बघत चालत राहिलो.

ती खडकाला टेकून बाजूला झाली. घमेल्यावर पदर ओढला आणि तोंड खडकाकडे फिरवलं. मला जायला जागा दिली.

हे काय झालं ते समजायला तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मी नववीत होतो. क्लासच्या तीन मित्रांबरोबर सायकलवरून सराफ्यातून चाललो होतो. आई एका दुकानासमोर नालीत हात घालून बसलेली. तिने मला पाहिलं आणि हसली. एक मित्र म्हणाला, “शी, काय वास येऊन राहिला.” मी मान वळवली आणि पॅडल मारलं. संध्याकाळी घरी तिने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. पण त्यानंतर रस्त्यात मी मित्रांबरोबर दिसलो की ती स्वतःच घमेल्यावर पदर ओढायची आणि भिंतीकडे तोंड करायची. मला मान वळवावी लागू नये म्हणून. तीन वर्षं, बारावीपर्यंत. आणि मी ते चालू दिलं. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना ती काविळीने गेली, तेव्हा तिची चाळिशीही पुरती झाली नव्हती.

फ्रेझरच्या काठावर तिला ओलांडून मी दहा-पंधरा पावलं गेलो असेन. मग डोक्यात शब्द आले: आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी थांबलो.

मागून शिरीष आला. “अरे, ती बाई कोण रे? आपल्याकडची वाटली. साडीत!”

म्हणजे त्यालाही दिसली होती.

“असेल कोणीतरी टूरिस्ट,” मी म्हणालो.

“इथे? घमेलं घेऊन?”

“शिरीष, आधी बाबांना शोधू या. प्लीज.”

मी मागे वळून पाहिलं नाही. लोकांना वाटेल घाबरलो. तसं नव्हतं. मागे वळलो, आणि ती खरंच तिथे उभी असली, तर शिरीषला काय सांगू – हा विचार माझ्या मनात होता. मेलेली आई समोरून गेली आणि मला काळजी कसली, तर ओळख करून द्यावी लागेल याची.

पुढच्याच वळणावर बाबा सापडले. पाण्याच्या कडेला उकिडवे, मजेत. पॅनमध्ये सोन्याची रेघ होती, सकाळच्या चौपट तरी. शेजारी धुतलेल्या दगडांचा एक ढीग, नीट रचलेला, त्यांच्या हातापासून चार फूट लांब. आमच्या घरी काम असंच चालायचं. आई आधी दगड निवडून काढायची, मग बाबा बारीक रेती धुवायचे.

“केवढं काढलंत काका!” शिरीष म्हणाला. “एकट्याने?”

“एकट्याचं काम नाही हे. दोघं लागते याले,” बाबा म्हणाले. त्यांनी बोटाच्या टोकाने ती रेघ उचलून शिरीषच्या काचेच्या बाटलीत सोडली. “ठेवा. पोरांना दाखवा.”

मग उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, “वाटेनं कोणी भेटलं काय तुले?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी हात काढून घेतला. “बरं.”

परत येताना वाटेवर कोणी नव्हतं. म्हाताऱ्याला विचारलं, कुणी बाई खाली उतरली का? तो म्हणाला, सकाळपासून तुम्ही तिघं सोडून या वाटेवर कोणी चढलं नाही आणि उतरलं नाही. दुसरी वाट नाही. रस्त्याच्या टोकाला आमची मिनीव्हॅन आणि त्याचा ट्रेलर, तिसरी गाडी नाही.

बाबा नोव्हेंबरात नागपूरला परत गेले. पुढे दोन वर्षांनी एकदा फोनवर मी धीर करून म्हणालो, “बाबा, त्या नदीवर त्या दिवशी... मला वाटेत...”

लाईनवर खरखर होती. त्यातूनच बाबांचा आवाज आला. “मी विचारलं होतं न तुले. तवा सांगाचं होतं.” आणि विषय बदलून त्यांनी नातवंडांची चौकशी केली. २०११ मध्ये ते गेले. त्यांनी तिथे काय पाहिलं, तिच्याशी काय बोलले, हे विचारायची एकच वेळ मला मिळाली होती, आणि तेव्हा मी “नाही” म्हणालो होतो.

गेल्या महिन्यात शिरीष कामानिमित्त ऑटवाला आला होता. रविवारी घरी जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर, बायको समोर असतानाच, मी सगळं सांगितलं. झारेकरी म्हणजे काय, नाली, घमेलं, इतवारी, आणि ती बाई माझी आई होती हे. लग्नाला सोळा वर्षं झाली, बायकोही पहिल्यांदाच ऐकत होती. उठून सिंकपाशी गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली. तिला माझ्या आईच्या कामाचं काही वाटलं नव्हतं. मी सोळा वर्षं लपवलं, याचं वाटलं होतं. आमचं अजून नीट बोलणं झालेलं नाही.

शिरीष टेबलावरच्या चमच्याशी खेळत होता. माझा समज होता, तो म्हणेल धूर होता, थकवा होता, दोघांनाही भास झाला असेल. मीच इतकी वर्षं हे स्वतःला सांगत आलोय, जमलेलं नाही. दोघांना एकच भास, एकाच लुगड्यात?

“मी वळून पाहिलं होतं,” तो म्हणाला.

“केव्हा?”

“तू पुढे गेलास तेव्हा. ती तोंड वळवून उभी होती ना खडकाकडे... तू गेल्यावर फिरली. तुझ्या पाठीकडे बघत राहिली. मला वाटलं, आपली बाई आहे, एवढ्या लांब भेटलीय, म्हणून मी हात केला.”

“मग?”

“मग काय. तिनेही केला. हसली. घमेलं सावरून पुन्हा तुझ्याकडेच बघायला लागली.”

मी त्याला विचारलं, ती कशी दिसत होती. वय काय असेल. तो म्हणाला, “आपल्यापेक्षा लहानच असेल रे. दमलेली होती.”