कागदकाकू आणि अम्मीचे हात

कुवेतमधल्या आमच्या हवल्लीच्या बिल्डिंगमध्ये सकाळच्या चहाबरोबर कोणी मोबाइल बघायचं, कोणी देशातल्या बातम्या लावायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू औषधाच्या खोक्यातला कागद वाचायच्या. घड्या घातलेला, मुंगीएवढ्या अक्षरांचा, आपण खोकं उघडल्याबरोबर फेकून देतो तोच. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्या तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या आणि झाला की जशाच्या तशा घड्या घालून परत खोक्यात सरकवायच्या. ज्यांनी हा प्रयत्न केला आहे त्यांना यातलं कौशल्य कळेल. मी आता पुण्यात फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मला अजून जमत नाही.

सगळे त्यांना कागदकाकू म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. कोणाबद्दल असं लिहायची माझी ही पहिलीच वेळ. आमच्या घरात कॉलेजात जाणारीही मीच पहिली, त्यामुळे कसं लिहायचं हे विचारावं असं कोणी नाही. जसं आठवतं तसं लिहिते.

काकू मूळच्या उदगीरच्या. नवरा गेल्यावर एकट्याच राहायच्या, मुलगा लातूरला नोकरीला होता. जाब्रियातल्या एका लहान दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर त्या कित्येक वर्षं बसल्या. तिथली रांग हळू सरकते अशी त्यांच्याबद्दल कायमची तक्रार असे, कारण काकू औषध हातात देऊन मोकळ्या होत नसत. खोकं खिडकीवर ठेवायचं, त्यावर आपला पंजा ठेवायचा आणि म्हणायचं, "आता मला सांगा, मी काय सांगितलं?" माणसानं सगळं परत म्हणून दाखवलं की मगच पंजा उठायचा. मल्याळी नर्स असो, इजिप्तचा मिसरी ड्रायव्हर असो, सुटका नाही. एक कुवेती आजी तर दर महिन्याला मुद्दाम काकूंच्याच खिडकीवर यायच्या आणि शाळेतल्या मुलीसारख्या पाठ म्हणून दाखवायच्या. काकूंचं अरबी जेमतेम, आजींना हिंदी येत नसे. तरी आजी चुकल्या की काकू मान हलवायच्या आणि आजी कपाळावर हात मारून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

काकू स्वतःही एक अवघड औषध घ्यायच्या. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली होती, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज. जरा कुठं आपटलं तरी हातावर निळा डाग उठायचा. एकदा मी घाबरून म्हटलं, "काकू, एवढी धोक्याची गोळी का घेता?"

"न घेऊन बघू का?" त्या म्हणाल्या. "झडपेवर गुठळी झाली की मग कोण ऐकायलंय तुझ्या कोकणातल्या गप्पा?" मग हसून म्हणाल्या, "भिऊ नको. रक्त पातळ झालंय, जीभ नाही."

पालेभाजी त्या मोजूनमापून खायच्या. मेथी आणि पालक खायचा, पण दर आठवड्याला तेवढाच, कारण त्या भाज्यांनी गोळीचा असर कमीजास्त होतो. ताटात कोणी आग्रहानं वाढली तर चमचाभर उचलून शेजाऱ्याच्या ताटात टाकायच्या. आमच्याकडे जेवायला आल्या की तो शेजारी मीच असायची.

आता अम्मीचं सांगते, कारण काकू मला खऱ्या कळल्या त्या तिच्यामुळे.

मी बारावीत असताना अम्मीचे हात आखडायला लागले. सकाळी बोटं सुजलेली, मूठ वळायची नाही. अम्मी शिवणकाम करते. कोकणातल्या म्हसळ्याहून येताना तिनं दुसरं काही आणलं नव्हतं, पण आपली कात्री आणली होती. ती कात्री तिला धरता येईना. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हा सांध्यांचा वात आहे, वेळेवर औषध घेतलं नाही तर बोटं कायमची वाकडी होतील. त्यांनी एक लहानशी पिवळी गोळी लिहून दिली. आठवड्यातून एकदाच घ्यायची.

घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. तोपर्यंत काकूंचं बघून मलाही कागद वाचायची सवय लागली होती. मी खोक्यातला कागद पलंगावर पसरला आणि मोबाइलमध्ये शब्द शोधत अम्मीला मोठ्यानं मराठीत सांगत गेले. यकृत खराब होऊ शकतं. फुप्फुसाला सूज येऊ शकते. रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मला वाटत होतं मी फार जबाबदारीचं काम करते आहे. अम्मीनं सगळं शांतपणे ऐकलं आणि खोकं कपाटावर टाकलं. "नको गं बाई," ती म्हणाली. "हात गेले तर गेले. जीव नको जायला."

त्याच महिन्यात मामू गावाहून आला. सामानात सुकट, कोकमं आणि वर्तमानपत्रात बांधलेल्या करड्या पुड्यांची एक पिशवी. गावाकडच्या कुठल्याशा वैद्याचं औषध, दिवसातून दोनदा मधातून. मी पिशवी उलटीपालटी करून बघितली. आत कागद नव्हता. मी खूश होऊन म्हटलं, "अम्मी, हे घे. याला साइड इफेक्टच नाहीत." हे वाक्य मी म्हटलं होतं, दुसऱ्या कोणी नाही, म्हणून ते इथं लिहिणं मला भाग आहे.

दहा दिवसांत अम्मीची बोटं मोकळी झाली. तिनं खालच्या मजल्यावरच्या मुलीचा फ्रॉक शिवला, वर झालर लावली. भूक वाढली, चेहरा भरला. अब्बा म्हणाले, "कुवेत मानवलं तुला, पंधरा वर्षांनी का होईना." आम्ही सगळे हसलो.

दोन महिन्यांनी लिफ्टमध्ये काकू भेटल्या. त्यांनी अम्मीकडे बघितलं आणि हसल्याच नाहीत.

"ताई, चेहरा कामून सुजलाय तुमचा?"

"सुजला नाही आपा, भरलाय." अम्मी त्यांना आपा म्हणायची.

"काय खायलाव?"

अम्मीनं पुड्यांचं सांगितलं. काकूंनी आपल्या मजल्याचं बटण दाबलेलं होतं, तरी उतरल्या नाहीत. सरळ आमच्या घरी आल्या. पुडी उघडून बघितली, मग मला विचारलं, "याचा कागद?"

"कागद नाही, काकू."

"मग याच्यात काय आहे ते तुला कसं कळलं?"

 त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी अम्मीला सांगितलं की पुडी एकदम बंद करू नका, त्यानंही त्रास होतो, आधी डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्या स्वतः बरोबर आल्या. अम्मीची साखर वाढलेली निघाली, रक्तदाबही. पुडीत बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. पुडी सोडायची, पण त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू, असं ठरलं. आणि ती जसजशी सुटली तसतशी बोटं पुन्हा आखडली. डॉक्टरांनी पुन्हा तीच पिवळी गोळी सांगितली. अम्मी पुन्हा नाही म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी दुपारी, अब्बा नमाजला गेले असताना, काकू वही घेऊन आल्या. आधी मला कपाटावरचं खोकं काढायला लावलं.

"तू वाचलंस ते बरोबर वाचलंस," त्या मला म्हणाल्या, "पण सगळं एकाच आवाजात वाचलंस. कुठलं बऱ्याच जणांना होतं, कुठलं क्वचित, ते वर लिहिलंय की. ते कामून सोडलंस?"

मी परत वाचलं, या वेळी मथळ्यांसकट. मळमळ पुष्कळांना. फुप्फुसाचं क्वचित. "क्वचित म्हणजे कधीच नाही असं मात्र समजू नका हां," काकू अम्मीला म्हणाल्या. "म्हणूनच रक्त तपासायचं. ताप आला, तोंड आलं, दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर. पुढच्या गोळीची वाट बघायची नाही."

मग त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "आता दुसरा कागद लिही. गोळी नाही घेतली तर काय होईल त्याचा. तो काही कंपनी छापत नाही. ताई, तुम्ही सांगा."

अम्मीनं आपली बोटं उघडमीट करून बघितली. मग सांगायला लागली आणि मी लिहीत गेले. कात्री धरता येणार नाही. बरणी उघडायला कोणाला तरी बोलवावं लागेल. नमाजात सज्द्यातून उठताना हात टेकवत नाही. गेल्या महिन्यात हिची वेणी अर्धी घालून सोडली, हिला वाटलं मला घाई आहे. तिथं माझं पेन थांबलं. मला खरंच तसंच वाटलं होतं. काकू हलकेच म्हणाल्या, "लिही लेकरा, तेही लिही."

दोन्ही कागद पलंगावर शेजारीशेजारी ठेवून अम्मी किती वेळ बघत बसली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण नजर एकदा इकडे, एकदा तिकडे जात होती. काकूंनी "घ्या" म्हटलं नाही, "घेऊ नका" म्हटलं नाही. मी तोंड उघडलं तर मला चिमटा काढला.

"घेते," शेवटी अम्मी म्हणाली. "पण तपासणी चुकवायची नाही."

"तुमच्या घरात कुठला वार कोणी विसरत नाही?" काकूंनी विचारलं.

"जुम्मा."

"मग जुम्म्याचीच गोळी. बाकी सहा दिवस तिला हात लावायचा नाही. आता मला सांगा, मी काय सांगितलं?" आणि अम्मीनं त्या कुवेती आजींसारखं सगळं म्हणून दाखवलं.

पुडीसारखी जादू झाली नाही. पहिला महिना काहीच फरक नव्हता, वर शनिवारी मळमळ. अम्मी रोज सकाळी मूठ वळवून बघायची आणि चहा ठेवायची. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी तिनं मला हाक मारून समोर बसवलं आणि शेवटपर्यंत वेणी घातली. घट्ट, डोकं दुखेल इतकी. 

मी फार्मसीला जायचं ठरवलं त्याच वर्षी काकू निवृत्त होऊन उदगीरला गेल्या. निरोपाला अख्खी बिल्डिंग खाली उतरली होती. बिल्डिंगच्या हारिसनं, म्हणजे राखणदारानं, बॅगा गाडीत ठेवल्या आणि स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या न विचारताच घडाघडा म्हणून दाखवल्या. काकू खूप हसल्या आणि मग डोळे पुसत गाडीत बसल्या.

या उन्हाळ्यात मी सुटीला घरी होते, तेव्हा अम्मीच्या रक्ताच्या तपासणीत यकृताचा आकडा वर गेलेला आला. मी हादरले. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: काही आठवडे गोळी थांबवून पुन्हा तपासायचं, किंवा दुसऱ्या औषधावर जायचं. मी काही विचारायच्या आत अम्मीनंच आपल्या हिंदीत विचारायला सुरुवात केली. थांबवली तर हात किती दिवस टिकतील? दुसऱ्या औषधाचा धोका काय? त्याचा कागद मिळेल का? डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढून सगळं सांगितलं.

घरी आल्यावर अम्मी म्हणाली, आपाला फोन लाव. पडद्यावर काकू दिसल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी घाईघाईनं आकडे सांगायला लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "तुझी अम्मी काय म्हणायली?"

मी फोन अम्मीकडे फिरवला. "चार आठवडे थांबवते, आपा," अम्मी म्हणाली. "मग पुन्हा रक्त. आकडा खाली आला तर कमी डोसनं सुरू करायची, नाही आला तर दुसरं औषध. डॉक्टरांशी बोलून ठरवलंय. हात थोडे दुखतील, ते चालेल मला."

काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, "सगळं तर ठरवलंत. मग मला कामून विचारायलाव ओ?"

"विचारायला नाही केला फोन," अम्मी म्हणाली. "सांगायला केला."